संघदीपच्या नावानं

दारव्ह्याच्या जयाला कंप्युटरचं काम येतं, हे गल्लीतल्या बायांना कधी खरंच वाटलं नाही. ती ब्लाउज शिवते, साडीला फॉल लावते, एवढं सगळ्यांना माहीत. पण दुपारी शिलाईमशीन थांबली की ही बाई लॅपटॉप उघडायची आणि काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करत बसायची. ना चित्र, ना बटण. शेजारच्या विमलताई एकदा डोकावून म्हणाल्या, "काय वं जया, टीव्ही बिघडला काय तुह्या?"

ती खिडकी तिच्या धाकट्या भावाची, संघदीपची. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता. घरी आला की स्वतःचं काम करायचा. आंधळ्या माणसाला पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते ओळी नीट वाचायचं, पण तक्ता आला की गडबडायचं. कोणाचे मार्क कोणाच्या नावापुढं, काही पत्ता लागू देत नसे. संघदीपनं त्याच्यासाठी एक प्लगिन केलं. प्लगिन म्हणजे काय ते बापाला समजावलं, "बाबा, ट्रॅक्टर दुसऱ्याचं. मी फक्त त्याले जोडाचं वखर बनवलं."

नागोराव जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. तो म्हणाला, "मंग वखराले धार ठेवत जाय."

धार ठेवणं हेच तर मोठं काम. ट्रॅक्टर सारखं नवंनवं निघतं, जुनं वखर त्याला बसत नाही. मग काळ्या खिडकीत हुकूम लिहायचे. नवं प्लगिन मांड, तपास, बांध, पाठव, जुनं काढून टाक. हुकूम बरोबर असला की ती खिडकी मुकाट करते, उलटून बोलत नाही. असा प्राणी आमच्या भागात दुसरा नाही. पण भलतंच काढून टाक म्हटलं, तर तेही तितक्याच मुकाट काढते.

मग संघदीपच्या किडन्या गेल्या. बोटं सुजली. तो पलंगावरून सांगायचा, जया टाइप करायची.

"ताई, आडवी रेघ दोनदा दे. मंग जागा सोड."

"काजं करते मी जन्माची. जागा सोडाले तू नको शिकवू मले."

असं हसत-भांडत ती शिकली. शिकून झाली, आणि शिकवणारा गेला.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले. लॅपटॉप उघडला तर कुण्या पोराचा निरोप आलेला, "दादा, तक्ता वाचून नाही राह्यला." जयानं बिघाड शोधला, हुकूम दिले, प्लगिन दुरुस्त करून पाठवलं. उत्तर लिहिताना भाऊ लिहायचा तसंच आधी 'जयभीम' लिहिलं, आणि हात न थांबता खाली लिहून गेली, 'संघदीप'.

तिला ते लगेच खुपलं. पण संध्याकाळी नागोरावनं विचारलं, "आज त्याले कोणी काही इचारलं काय?" तिनं वाचून दाखवलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा उजेड आला. मग ते रोजचंच झालं. घरात संघदीपचा फोटो भिंतीवर, आणि खिडकीत संघदीप जिवंत. बापासाठी केलं म्हणायचं. तिला तरी कुठं सोडवत होतं!

नेरची वैष्णवी फार लिहायची. जन्मापासून दिसत नाही, तक्ते ऐकून ऐकून परीक्षेचा अभ्यास करायची. एक दिवस तिनं कळवलं, "दादा, मी पास झाली. तुमचा आवाज ऐकाचा हाय. येऊन राह्यली." जयानं 'येऊ नको' लिहायला घेतलं, पण भावाच्या नावानं तेवढं लिहवेना. निरोप अर्धाच राहिला आणि पोरगी आली. एसटीनं, पांढरी काठी टेकत, घर विचारत विचारत, पेढ्याचा पुडा घेऊन.

दारात नागोराव बसलेला.

"संघदीपदादा हाय काय, काकाजी?"

"बाहेर गेला बाई. येते आता."

जया आत पाणी भरत होती, ती तिथंच थांबली. म्हातारा किती सहज बोलून गेला! रोज थोडं थोडं करून तिनंच ते वाक्य त्याच्या तोंडात घातलं होतं.

वैष्णवी बसली. पुडा मांडीवर, फोडला नाही. पहिला पेढा दादाला. बाहेर चपला वाजल्या की तिची मान वळायची.

"आले काय?"

"नाही, तो शेजारचा अमर," नागोराव म्हणाला.

पुन्हा चपला वाजल्या, पुन्हा मान वळली. जयाला सोसलं नाही, ती बाहेर आली.

"वैष्णवी, तो नाही येत. तो मागच्या उन्हाळ्यातच गेला. तुले मी लिहीत होती. त्याची बहीण."

नागोरावनं भिंतीकडे तोंड केलं. पोरीनं मांडीवरचा पुडा बाजूला ठेवला.

"मी नापास झाली तवा 'रडून घे, मंग अभ्यासाले बस' असं कोणं लिहिलं?"

"मी."

"आन दादाचं? मले आलेलं एखादं तरी?"

"पहिलं. प्लगिन कसं बसवाचं ते."

"तेवढंच?"

"तेवढंच वं."

"तुम्ही वाईट नाही लिहिलं, ताई. पण तो गेला तवा मी कुठंतरी हसत असीन. कोणाशी भांडत असीन. मले त्याच्यासाठी रडू काहून नाही देलं?"

 पोरगी रडायला लागली. नागोराव भिंत धरून उठला, तिच्याजवळ येऊन बसला. "रड बाई," म्हणाला. "आमी बी रडलोच नाही बरोबर." आणि मग त्याचाच बांध असा फुटला, की त्या पोरीलाच आपले डोळे पुसून त्याला सावरावं लागलं.

तिला गाडीत बसवून आल्यावर जयानं लॅपटॉप उघडला. प्लगिनच्या माहितीत दोन नावं लिहायची असतात. बनवणारा कोण, आणि सांभाळणारा कोण. दोन्हीकडे संघदीप होता. पहिलं तिनं तसंच ठेवलं. दुसरं एकेक अक्षर करून खोडलं आणि तिथं आपलं लिहिलं. पाठवायचा हुकूम दिला. मग प्लगिन वापरणाऱ्या सगळ्यांना निरोप लिहिला. "जयभीम. माझा भाऊ संघदीप वारला. हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. यापुढं काही अडलं तर मला लिहा. जया."

उत्तरं येत राहिली. तिला ती एकटीला वाचवेनात, म्हणून तिनं बापाची वाट पाहिली. संध्याकाळी नागोराव आला, लॅपटॉपकडे पाहिलं आणि आपला रोजचा प्रश्न न विचारता अंगणात जाऊन बसला. जयानंही त्याला हाक मारली नाही, या वेळी रडू दिलं.