वळणावरचं जॅकेट

गेल्या आठवड्यात सावली गावाजवळच्या एका वळणाने माझं डोकं पार फिरवलं...

मी कॉलेजात भूगोल शिकवते. सध्या आमच्याकडे हायवेवरच्या अपघातांचा डिजिटल नकाशा करायचं काम आहे. पोलिसांकडची नोंद घ्यायची, जागा शोधायची, लाल ठिपका द्यायचा. ऐकायला सोपं. पण बऱ्याच नोंदींत जागा म्हणून ठाण्याचाच पत्ता... त्यामुळे पहिल्या नकाशात सगळ्यात धोकादायक जागा निघाली पोलीस ठाण्याचं गेट!

मग स्वतःच रस्त्यावर उतरले. हे वळण धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून जातं. रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी थेट डांबरावर आलेला. नकाशात मात्र तिथे एकही ठिपका नाही.

वळणावर शकुंतलाबाईंची चहाची टपरी आहे. त्या म्हणाल्या, गाड्या इथे घसरतच असतात, त्यांच्या सुनेचा हातही इथेच मोडला. मग तक्रार का नाही केली, मी विचारलं.

"पडनारा उठते, कपडे झटकते अन् घरी जाते. पोलिसात काऊन जाईन, बाई?"

मी ठिपका दिला. नकाशाच्या मीटिंगमध्ये रस्ते खात्याच्या साहेबांनी नेमका तोच धरला. "मॅडम, इथे मयत आहे का कोणी?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग हे निकषात बसत नाही, पुढे बघू.

म्हणजे कोणी मरेपर्यंत थांबायचं? मी विचारलंच. उत्तर म्हणून शेजारच्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची प्लेट सरकवली...

काल शकुंतलाबाईंना हे सांगायला गेले. फिल्डवर घालतो ते चमकणारं जॅकेट अंगात होतं. रस्त्याच्या कडेला बोलत उभ्या होतो, तर भरधाव येणारा ट्रक मला बघून एकदम हळू झाला. मागची काळीपिवळी जीपही. आरटीओवाली वाटले असणार!

शकुंतलाबाईंनी माझ्या जॅकेटचं टोक चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "बाई, हे जाकीट इथीच राहू द्या ना."

दोघींनी वळणाच्या अलीकडे एक बांबू रोवला, आडवी काठी बांधली आणि त्यावर जॅकेट चढवलं. बराच वेळ थांबून पाहिलं... गाड्या खरंच हळू होत होत्या.

चिडचिड गेलेली नाही. फाईल पुन्हा पाठवणारच आहे. पण आज सकाळपासून पाऊस लागलाय, रोवणीच्या बाया संध्याकाळी त्याच रस्त्याने परततील. तिथे त्यांच्यासाठी कोणीतरी उभं आहे... बिनडोक्याचं का असेना.