परसातली भिंत

मुकादमबाईंची सगळी हयात एकाच ठेकेदाराकडे गेली. विटा वाहता वाहता ओळंबा हातात आला, मग मजुरांची टोळीही आली. भिंत बाईंनी उभारायची आणि रस्त्याकडेला पाटी लागायची ती ठेकेदाराच्या नावाची. त्या पाटीकडे बाईंनी कधी मान वर करून पाहिलंच नाही, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

त्यांची थोरली बहीण, ताई, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटीच राहायची. गुडघे गेले आणि जिना बंद झाला. खिडकीतून दिसेल तेवढाच रस्ता तिच्या वाट्याला उरला. बाईंनी ठरवलं, आपल्या घरामागं परसात एक छोटं घर बांधायचं. एक खोली, न्हाणीघर आणि उंबरठा नसलेलं दार. ताईला जमिनीवर आणायचंच! त्यांनी कंबर कसली, पाया भरला आणि सुट्टीच्या दिवसांत एक भिंत खिडकीपर्यंत वर आणली.

मग बांधकाम खात्याचा तपासनीस आला. नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं, पण उद्धट नव्हतं.

"बांधणाऱ्याचा परवाना कुठाय?"

"जागा माझी, विटा माझ्या, हात माझे. परवाना कसला?"

"स्वतः राहायला बांधत असाल तर सवलत आहे. दुसऱ्यासाठी बांधायचं तर परवानाधारकच लागतो."

"सख्खी बहीण दुसरी कधीपासून झाली हो?"

तो हसला, पण हटला नाही. "उद्या भिंत कोसळली तर जाब कुणाला विचारायचा, बाई?"

"मला! आणखी कुणाला?"

"मग तुमच्या नावाचा परवाना काढा. नाहीतर काम परवानाधारकाकडे सोपवा. तोवर ही भिंत उतरवावी लागेल."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पोरगं वावगं बोललं नव्हतं. एवढ्या भिंती उभारल्या, पण जाब विचारायला त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं. शाबासकी द्यायलाही नाही. हे त्यांना जास्त लागलं.

बातमी ऐकून ठेकेदार आपणहून परसात हजर झाला.

"एवढंच ना? माझी पाटी लावा. मीच बांधतोय म्हणून सांगू. ताई महिन्याभरात राहायला येईल."

बाईंच्या डोळ्यांसमोर ताईची खिडकी आली. हो म्हणणं किती सोपं होतं!

"शेठ, पाटी नको. मी तुमच्याकडे मुकादम आहे, एवढं खरं लिहून द्या. परवान्याच्या परीक्षेला बसायला तेच लागतं."

"आणि परवाना मिळाल्यावर माझी टोळी कोण सांभाळणार?"

"लिहून नाही दिलंत तर उद्यापासूनच कोण सांभाळणार ते बघा."

एवढं बोलून बाईंनी घण उचलला आणि त्याच्या देखत पहिला घाव घातला. शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले.

"अहो, वेड लागलं की काय? चांगली भिंत पाडताय!"

"माझी आहे. दुसऱ्याच्या नावानं उभी राहण्यापेक्षा आडवी झालेली बरी."

प्रत्येक घावाला त्यांच्या काळजात कळ येत होती, तरी शेवटची वीट निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ठेकेदारानं निमूटपणे लिहून दिलं.

पहिल्या परीक्षेत बाई आपटल्या. उत्तरं लिहायची सोडून त्यांनी पेपर काढणाऱ्याशीच वाद घातला होता. दुसऱ्या खेपेला नाक मुठीत धरून विचारलं तेवढंच लिहिलं आणि पास झाल्या.

परसात पाटी लागली. बाईंचं पूर्ण नाव, खाली परवान्याचा क्रमांक. त्याच दिवशी टोळीतल्या चौघांनी ताईला खुर्चीसकट तीन मजले उतरवून परसात आणलं. खुर्चीत बसून ती चौघांनाही दम देत होती.

भिंत पुन्हा गुडघाभर वर आली तेव्हा तपासनीस पाहणीला आला. पाटी वाचून त्यानं मान डोलावली, पण ताईला पाहून तो घुटमळला.

"बाई, घर पुरं होऊन तपासणी झाल्याशिवाय इथं कुणाला राहता येत नाही."

बाईंच्या आधी ताईच बोलली. तिच्या मांडीवर पाडलेल्या भिंतीची वीट होती. हातातल्या छोट्या हातोडीनं ती विटेवरचं जुनं सिमेंट काढत होती.

"राहायला कोण आलंय? मी कामाला आलेय. आणि जाब विचारायचा असेल, तर पाटीवर माझ्या धाकटीचं नाव आहे. तिला विचारा."