आठ कोअर आणि खालची ओळ

शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही आठ-नऊ जण मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जमायचो. खाली स्टेशनरीचं दुकान, वर क्लास. सगळे सॉफ्टवेअरवाले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम रत्नागिरीत घरी बसून करणारे, म्हणजे आईच्या हातचं जेवून एंटरप्राइज चालवणारे. दर शनिवारी एकाने काहीतरी समजावून सांगायचं आणि त्याच्या नोट्स आमच्या सगळ्यांच्या मिळून असलेल्या ब्लॉगवर टाकायच्या, अशी रीत होती. नोट्स लिहायचं काम पहिल्याच दिवशी माझ्याकडे आलं.

एकजण म्हणाला, "तू कॉन्व्हेंटची ना? मग लिही गो. आमचं इंग्लिश वाचून लोक पळतील."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून तिथे माझं नाव 'कॉन्व्हेंट' पडलं. त्या खोलीत मी एकटीच मुलगी होते आणि जवळजवळ वर्षभरात मला कुणी बोलायला उभं केलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं असं मात्र म्हणता येणार नाही. चार लोकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की मला वाक्य आधी मनात तीनदा म्हणावं लागतं. कोपऱ्यात बसून लिहिताना माणसं नीट बघता येतात, आणि कुणाचं लक्ष नसतं.

काय काय लिहिलं मी! एकाने तासभर फळ्यावर चौकोन आणि बाण काढून त्याच्या कंपनीतला रजेचा अर्ज सात सिस्टीममधून कसा फिरतो ते सांगितलं. रजा शेवटी मॅनेजर फोनवरच देतो, हे त्याने चहाच्या वेळी सांगितलं. दुसरा ओपन सोर्सवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या फुकट प्रोग्रामवर, बोलला. जगाला काहीतरी परत दिलं पाहिजे, असं तो तीनदा म्हणाला. मी घरी जाऊन शोधलं, तर त्याने जगाला परत दिलेला होता अशा एका प्रोग्रामच्या माहितीपत्रकातला एक स्वल्पविराम. मी दोन्ही नोट्स सुंदर लिहिल्या. माझ्या वाक्यांमुळे ही माणसं शहाणी दिसायची, आणि हे मला कळत असूनही मी लिहीत राहिले. तेव्हा या ढोंगातला थोडा वाटा माझाही आहे.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याला सगळे 'सर' म्हणायचे. पंधरा वर्षं पुण्यात काढून तो परत आला होता. त्याने स्वतः लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली एक लायब्ररी होती, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रामला जोडावा असा तयार कोड. तुमचं काम ती आठ कोअरवर, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या आठ मेंदूंवर, वाटून देते आणि वेळ वाचवते, असा तिचा दावा. त्या शनिवारी तो तीच दाखवणार होता, आणि उदाहरण म्हणून त्याने लांज्याहून आलेल्या एका माणसाचं काम घेतलं होतं.

हा माणूस चाळिशीतला. आधी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा, मग मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकला. लांज्यातल्या एका काजू फॅक्टरीसाठी तो मशीन बनवत होता. पट्ट्यावरून काजूगर जातात, वरचा कॅमेरा फोटो काढतो, प्रोग्राम प्रत्येक आकाराचे गर मोजतो. मोजणी बरोबर यायची, पण पट्टा पुढे जायचा आणि प्रोग्राम मागे राहायचा. फॅक्टरीच्या मालकाने नऊ दिवसांनंतरच्या सोमवारची मुदत दिली होती. नाहीतर मशीन उचलून न्या, म्हणाला होता. दोन वर्षं त्याने त्यात घातली होती. हे सगळं त्याने मला जिन्यात सांगितलं, कारण वर कुणी विचारलं नाही.

सरने त्याचेच फोटो घेतले. एका कोअरवर प्रोग्राम चालवला, चाळीस सेकंद लागले. मग आपली लायब्ररी लावून आठ कोअरवर. सहा सेकंद! टाळ्या वाजल्या. "परत, सर, परत!" कुणीतरी ओरडलं, जशी काही कबड्डीच चालली आहे. सरने परत चालवला. पुन्हा सहा.

"बघा, कोकणात बसून होतं की नाही?" सर म्हणाला.

मी नोट्स घेणारी, म्हणून पडद्यावर जे येईल ते सगळं उतरवत होते. सेकंदांच्या खाली आणखी एक ओळ होती, एकूण किती गर मोजले त्याची. एका कोअरवर बरोबर वीस हजार. आठ कोअरवर पहिल्यांदा एकोणीस हजार चारशे आणि काही, दुसऱ्यांदा एकोणीस हजार साठच्या आसपास. तेच फोटो, तोच प्रोग्राम, आणि दर वेळी निराळं उत्तर. खोलीतले सगळे इंजिनिअर वरच्या ओळीकडे बघत होते. लांज्याचा माणूस शेवटच्या रांगेत होता, त्याला तिथून खालची ओळ दिसतही नसावी. तो आनंदाने टाळ्या वाजवत होता.

चहाच्या वेळी मी सरजवळ गेले. माझा आवाज इतका खाली गेला की त्याला वाकावं लागलं.

"सर, टोटल वेगवेगळी येतेय."

"अगं, मल्टिकोअरमध्ये थोडं इकडेतिकडे होतं. प्रॉडक्शनमध्ये, प्रत्यक्ष वापरताना, कुणी बघत नाही."

"पण त्यांचं कामच मोजायचं आहे."

"तू नोट्स लिही ना छान," तो म्हणाला, आणि वड्यांच्या ताटाकडे वळला.

मी तिथेच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. नाही बोलले. घरी आले, सरची लायब्ररी उतरवून घेतली, त्याने आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिलेला तोच प्रोग्राम आणि तेच फोटो लावून दहा वेळा चालवली. मग नोट लिहिली. दहा वेळचे सेकंद, शेजारी दहा वेळचं उत्तर, वर एका कोअरचं वीस हजार. विशेषणं काढून टाकली. ब्लॉगचा पासवर्ड माझ्याकडेच होता, कारण नोट टाकायचा बाकी सगळ्यांना कंटाळा होता. नोट टाकली आणि तिची लिंक ग्रुपवर दिली.

पाच मिनिटांत सहा अंगठे आले. 'मस्त लिहिलंय कॉन्व्हेंट.' 'सर रॉक्स.' स्वतः सरने हात जोडले. एकानेही वाचलं नव्हतं. ज्या ब्लॉगमुळे जगाशी ज्ञान वाटून घेतो म्हणून ही माणसं मिरवत होती, तो त्यांच्यातल्या कुणी कधीच वाचला नव्हता.

मंगळवारी लांज्याहून फोन आला.

"मॅडम, रागावू नका हां. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण आकडे कळतात. हे खालचे आकडे दर वेळी का बदलतात?"

मला मराठीत हे कधी सांगावं लागलं नव्हतं. मी सुरुवातीला अडखळले. मग म्हटलं, "समजा आठ बायका गर मोजतायत आणि सगळ्यांमध्ये पाटी एकच आहे. प्रत्येकीने पाटीवरचा आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, पुसून नवा लिहायचा. दोघींनी एकाच वेळी शंभर वाचला, तर दोघी एकशे एकच लिहिणार."

"म्हणजे एकीचा गर गेला."

"गेला."

"अहो, म्हणून तर आमच्याकडे प्रत्येकीची टोपली वेगळी असते. एकत्र शेवटी करतात. मग इथेही प्रत्येक कोअरला वेगळी टोपली द्यायची, एवढंच ना?"

एवढंच होतं. पुण्यात पंधरा वर्षं काढून जे सुचलं नाही, ते त्याला काजूच्या टोपलीवरून एका मिनिटात सुचलं. फोनवर आम्ही सरच्या लायब्ररीतल्या तेवढ्याच ओळी बदलल्या. फोन चालू ठेवून त्याने प्रोग्राम पाच वेळा चालवला आणि दर वेळी आकडा वाचून दाखवला. वीस हजार, पाचही वेळा. वेळ सात सेकंद.

त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर मराठीत लिहिलं, 'सर, तुमचा प्रोग्राम चुकीचं मोजतो. मॅडमच्या नोटमध्ये दिलं आहे. मी दुरुस्त केला, हवा असेल तर घ्या.' मग मात्र सगळ्यांनी नोट उघडली. काहींनी आपापले अंगठे काढून घेतले, ते मी बसून मोजले. सरने इंग्रजीत लिहिलं की ही अडचण त्याला माहीत होती आणि पुढच्या आवृत्तीत ती जाणारच होती.

शनिवारी मी वेळेवर गेले. सर वही मिटून बसला होता.

"नोट काढून टाक. बाहेर आपलं हसं होतं. आणि एवढं होतं तर आधी माझ्याशी बोलायचंस ना!"

"बोलले होते. चहाच्या वेळी," मी म्हणाले. या वेळी कुणाला वाकावं लागलं नाही.

"ए कॉन्व्हेंट, जाऊ दे ना गो, सर आहेत ते," मागून कुणीतरी म्हणालं.

मी पासवर्ड कागदावर लिहिला आणि टेबलावर ठेवला. ज्याला नोट काढायची आहे त्याने काढावी, मी काढणार नाही, म्हणाले. कागद कुणी उचलला नाही. काढायची म्हणजे आधी कुणाला तरी ब्लॉग कसा चालवतात ते शिकावं लागलं असतं. मी खाली उतरले आणि रिक्षा केली.

सोमवारी लांज्याहून एक व्हिडिओ आला. पट्टा चालू होता, गर जात होते, मालक आकड्याकडे बघत उभा होता. मशीन तिथेच राहिलं.