डिस्कवरची यादी

इंदापूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथं कॉम्प्युटरवर एक गृहस्थ बसायचे. रक्तदात्यांची यादी बारामतीच्या मोठ्या मशीनवर असायची आणि फोनच्या लाइनीवरून ती इथं दिसायची. हे मात्र रोज सगळी यादी आपल्या मशीनच्या डिस्कवर उतरवून घेत. मी हसले की म्हणत, "सिस्टर, लाईन गेली की बारामती लांब पडती. लाईट गेली की मशीन इसरतं. डिस्क इसरत न्हाय."

एका दुपारी कळंबच्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट दुर्मीळ. फोन सकाळपासून बंद होता आणि लाईटही नुकतीच जाऊन आली होती. त्यांनी शांतपणे डिस्कवरची यादी उघडली.

"ह्या गटाचे बाजारातले शिंपी हायेत. पण यादी कालची हाय, आज कुठं रक्त दिलं असलं तर? मीच इचारून येतो."

ते सायकलवर गेले आणि शिंप्याला मागं बसवूनच परतले.

बाई वाचली. तिचा नवरा कॉम्प्युटरपाशी येऊन त्यांच्या पायाशी वाकला, तसे ते गडबडून उठले.

"पाया कशाला पडताय, पावणं? तुमचा रक्तगट कंचा?"

त्याला तो ठाऊकच नव्हता. त्यांनी त्याला हाताला धरून माझ्यापुढं बसवलं.

"सिस्टर, ह्यांचा तपासा."