खंडेनवमीची चिठ्ठी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो शेवटी अंथरुणाला खिळला, बोलून मोकळं व्हायचे दिवस होते ते – तेव्हाही नाही. अंबाबाईपुढं उभी राहते तेव्हा घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते, म्हणजे ही गोष्ट ओठांवर यायला जागा उरत नाही. औषध कंपनीच्या माणसानं दिलेली एक डायरी कोरी पडून होती, तिच्यात लिहिते आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी झाडू-फरशीला होते. मला बोलायला जमत नाही. दुकानात साबणसुद्धा मी बोटानं दाखवून घेते. दवाखान्यातल्या बाकीच्या बायका मला 'मुकी मावशी' म्हणायच्या, तोंडावर म्हणायच्या, आणि मी हसायची.

पण मला वाचता येत होतं. म्हणून रक्ताचे रिपोर्ट लॅबमधून वॉर्डात पोचवायचं काम माझ्याकडं आलं. कागदावरचं नाव वाचायचं, खाटेचा नंबर वाचायचा आणि पळायचं – तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत. जिन्यात नातेवाईक बसलेले असायचे. माझ्या हातात कागद दिसला की उठून उभे राहायचे. "सरका, सरका, मावशी आली." मोठमोठ्या मिशांची माणसं भिंतीला चिकटून मला वाट द्यायची. आयुष्यात मला कुणी वाट दिली असेल तर त्या जिन्यात. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. मला तेवढीच होती.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी दवाखान्यात संगणक आले. लॅबमध्ये रिपोर्ट भरायचा आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना तो पडद्यावर दिसायचा, असं ठरलं. ते बसवायला पुण्याच्या कंपनीनं एक इंजिनियर पाठवला. नितीन त्याचं नाव, आजऱ्याचा. पंचविशीचा असेल. काटकुळा, बाह्या दुमडलेला, जेवायचं विसरणारा.

त्याचं काम काही केल्या होईना. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर रिपोर्ट छान दिसायचा. जिन्याखालच्या खोलीत दवाखान्याचं मोठं मशीन होतं, त्याच्यावर तोच रिपोर्ट उघडला की नुसतं कोरं पान. कधी इंग्रजी ओळी. कधी रिपोर्टच्या जागी एक बारीक चौकोन आणि त्यात लाल फुली. चार दिवस मी ती खोली पुसायला जायची आणि चार दिवस तो त्या लाल फुलीकडं बघत बसलेला असायचा. पुण्याच्या साहेबांच्या शिव्या फोनमधून मलासुद्धा ऐकू यायच्या.

पाचव्या दिवशी त्याला सापडलं. एवढा आनंद झाला त्याला, की सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला सांगितलं. "मावशी, आचारी लग्नघरी गेला, शिधा गेला, आणि कढई राहिली घरात! माझ्या घरात कढई असतीयाच की, मला कशाला आठवंल?" म्हणजे रिपोर्ट दाखवणारा जो भाग असतो तो त्याच्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच होता, इथल्या मशीनमध्ये तो वेगळा घालावा लागणार होता. मी तोंडाला पदर लावून हसले. त्या खोलीत मी पहिल्यांदा आवाज करून हसले.

त्याच संध्याकाळी डॉक्टर लोक जमले. त्यानं बटण दाबलं आणि तिसऱ्या मजल्यावर रिपोर्ट दिसला. टाळ्या झाल्या. आणि तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आता आमच्या मावशीला पळायला नको." चांगल्या मनानं म्हणाला. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण मॅनेजर हसून म्हणाले, "मावशी, घ्या आता फडकं परत हातात." सगळे हसले. नितीनही हसला.

मी फडकं घेतलं. काय करणार होते?

आता इथून पुढं हात जड होतो. एक गोष्ट राहिली होती. मशीन बंद करून चालू केलं, तर तो दाखवणारा भाग आपोआप उठत नव्हता, त्याला हातानं उठवावं लागायचं, आणि ते फक्त नितीनला येत होतं. पुण्याहून सीडी आली की दसऱ्यानंतर कायमचं नीट करतो म्हणाला. तोवर मशीन बंद होता कामा नये. त्यानं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनला चिकटवलं. मला हळू वाचता येतं, म्हणून मोठी अक्षरं. त्या खोलीत माझ्याशिवाय कोण जात होतं?

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. माझे वडील त्या दिवशी विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन देवापुढं मांडायचे आणि दिवसभर त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. अवजाराला एक दिवस विसावा. दवाखान्यातही पूजा व्हायची – कात्र्यांची, एक्स-रेच्या मशीनची. सकाळी मॅनेजरांनी मला झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू दिलं आणि संगणकांना वाहायला सांगितलं.

मी खोलीत गेले. मशीन पुसलं. हळदकुंकू लावलं, माळ घातली. आणि मागचं बटण दाबून ते बंद केलं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की रीत म्हणून बंद केलं. पूजलेलं अवजार चालवायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं – अडाणी बाई, तिला काय कळतंय? पण मग अ‍ॅम्ब्युलन्सलाही मीच माळ घातली होती. ती दिवसभर फिरत होती. तिच्या ड्रायव्हरला मी काही बोलले नाही.

चिठ्ठी मी वाचली होती. दोनदा वाचली. मग काढली, घडी केली आणि चोळीत खोचली.

काय होईल असं वाटलं होतं मला? वाटलं होतं, फुली येईल. डॉक्टर वैतागतील, म्हणतील, हे काही खरं नाही, बोलवा मावशीला. बस्स. थोड्या वेळानं मी बटण दाबून मशीन पुन्हा चालू केलं आणि जिना पुसायला गेले.

दुपारी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून जीप भरून माणसं आली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, तापानं फणफणलेली, नाकातून रक्त येत होतं. लॅबवाल्यानं तिचं रक्त तपासलं, रिपोर्ट संगणकात भरला, आणि सण म्हणून लॅबला कुलूप लावून जेवायला घरी गेला. आता कागद लागत नव्हता ना! तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर पडद्यापुढं बसले. लाल फुली. पुन्हा उघडलं. लाल फुली. वर मुलीची आई ओरडत होती आणि खाली तिचे चुलते, भाऊ सगळा जिना अडवून उभे होते.

नितीन आजऱ्याला निघाला होता. फाटकातून त्याला परत आणला. पाठीवरची पिशवीसुद्धा न काढता तो मशीनपुढं बसला. मशीन बंद होऊन चालू झालंय हे त्याला लगेच कळलं. चिठ्ठीच्या जागी चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते, त्यांच्याकडं त्यानं बघितलं. मग दारात मी फरशी पुसत होते, माझ्याकडं बघितलं. कामाला लागला.

जिन्यात कुणीतरी म्हणालं, "रिपोर्ट दाबून ठिवलाय." दुसरा म्हणाला, "त्यो कम्प्युटरवाला बंद करून गावाला निघालता की! पिशवी बघ पाठीवर!" एवढं पुरलं. सात-आठ जण त्या खोलीत घुसले. मी दारात होते, तशीच आत ढकलली गेले, भिंतीला लागले.

त्याच क्षणी पडद्यावर रिपोर्ट आला होता. मी वाचला – त्या पोरीचं नाव, खाली आकडे. "आला, आला –" एवढं नितीन म्हणाला, आणि पडद्यावर खुर्ची पडली.

त्याला मानेला धरून उठवला. पहिला फटका कानावर. मग खाली पाडून लाथा – पोटात, पाठीत. एकानं कीबोर्ड घेऊन त्याच्या डोक्यावर हाणला, बटणं खोलीभर उडाली. तो दाराकडं सरपटला, उजवा हात चौकटीला धरला, आणि कुणीतरी दार लावलं. उघडून परत लावलं. तो आवाज मी लिहू शकत नाही. ऊस मोडतो ना, तसा.

"कुणी बंद केलं मशीन? बोल!"

"मी न्हाई ओ," तो म्हणाला. तोंडात रक्त होतं. "मी चिठ्ठी लावलीती." आणि त्यानं मला शोधलं. एवढ्या पायांतून त्याचे डोळे माझ्यावर आले. "मावशी, तुम्ही वाचलीय चिठ्ठी. सांगा की ह्यांना. मावशी –"

सगळे माझ्याकडं वळले. एक म्हातारा म्हणाला, "सांग बाई, कुणी बंद केलं?"

एवढी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या हातात फरशी पुसायची काठी होती, लाकडी, जाड. तो परत "मावशी" म्हणाला आणि मी ती काठी त्याच्या तोंडावर मारली.

हे आहे ते. बटण नाही, चिठ्ठी नाही – हे. त्यानं पुढं काही बोलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी मारली. दात तुटलेला मला हाताला कळला. नंतर कुणी मला विचारलंच नाही. माझं उत्तर सगळ्यांनी बघितलं होतं. "बघा, बाईमाणसाचा पण तळतळाट हाय ह्याच्यावर," असं कुणीतरी म्हणालं, आणि मग परत सुरू झालं. आधीपेक्षा जोरात.

तेवढ्यात वरून निरोप आला. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता रक्त मागवलं होतं, बाटली लागली होती. ती मुलगी जगली. माणसं शर्ट नीट करत वर निघून गेली.

खोली मीच साफ केली. कुंकू कोरड्या फडक्यानं निघतं. रक्ताला गार पाणी लागतं, गरम घातलं तर डाग बसतो. कोपऱ्यात तो दात सापडला. काचांबरोबर सुपलीत भरला आणि टाकला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली – मी बाहेर होते, मला दिसलं नाही. मुक्या मावशीला कोण जास्त विचारतो? दवाखान्यानं सगळं नितीनवर ढकललं. कंपनीनं त्याला काढून टाकलं. उजव्या हाताची दोन बोटं त्याला परत सरळ करता आली नाहीत, असं कानावर आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याचं सामान न्यायला आले. टोपी हातात धरून जिन्यात बसले होते. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "रिपोर्ट पळवत्यात त्या मावशी तुम्हीच न्हवं?" मग पिशवीतून पुडी काढली. "पोरगं काल सरकारी दवाखान्यातनं फोनवर म्हणालतं, मावशीला काजू आणा. घरचं हाईत. घ्या."

त्यांना माहीत नव्हतं. नितीननं त्यांना सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? मी ह्यावर वर्षानुवर्षं विचार केलाय. मार खाताना कुणी मारलं ते त्याला कळलं नसेल, असं मी म्हणून बघते. पण तो माझ्याकडंच बघत होता.

मी पुडी घेतली. घरी नेली आणि ते काजू खाल्ले. सगळे.

आणि मला जे हवं होतं तेही मिळालं. नवं मशीन येईपर्यंत आठ महिने रिपोर्ट परत कागदावर आले. मी परत पळले. नातेवाईक उठून उभे राहिले, भिंतीला चिकटून वाट देत राहिले, आणि मी त्यांच्यामधून गेले, मान वर करून.

चिठ्ठी माझ्या ट्रंकेत आहे. घडीवर फाटायला आली आहे, पण अक्षरं मोठी आहेत, चष्म्याशिवायही लागतात. "मावशी, हे मशीन बंद करू नका. तुमच्या भरवशावर ठेवून जातोय." खाली त्याचं नाव. माझ्यासाठी कुणी काही लिहिलेला आयुष्यातला तो एकच कागद.