केबलमधलं खोबरेल

परवा फोनवर तुम्ही दोघं तुमच्या त्या बर्फावरच्या गाडीबद्दल सांगत होतात. बर्फ पडायच्या आधी तिचा पट्टा ताणून घ्यायचा, सांध्यांत ग्रीस भरायचं, प्लग बदलायचा, पेट्रोलमधल्या ऑइलचं माप चुकवायचं नाही. मध्येच धाकटा थांबला आणि म्हणाला, "आजी, तुला कंटाळा येत असेल." मुळीच नाही. तसलंच इंजिन मी कितीतरी रविवार उघडून पुसून परत बसवलं आहे, फक्त ते कोकणात, मिठबावला होतं आणि माझ्या मोपेडला होतं.

मोपेड तुमच्या आजोबांची. ते गेले तेव्हा तुमचा बाबा नुकताच कॅनडात शिकायला गेलेला. घरात मी एकटी, आणि पडवीत ती गाडी. विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. पण मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून वाचायला घेतलं. त्यात लिहिल्याप्रमाणे मी दर रविवारी दुपारी पडवीत जुनं गोणपाट अंथरायची. प्लग काढून त्यावरची काजळी घासायची. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची. समुद्राच्या वाऱ्याने आमच्याकडे लोखंड नुसतं उभं ठेवलं तरी गंजतं, त्यामुळे शेवटी एकेक नट तेलाच्या फडक्याने पुसायचा. काम संपेपर्यंत उन्हं उतरायची. खरं सांगायचं तर मी ते काम लांबवायची. ते संपलं की हात धुवायचे, दिवा लावायचा आणि एका माणसाचा भात टाकायचा.

गाडीचा सगळ्यात मोठा उपयोग महिन्याच्या पहिल्या रविवारी. तेव्हा गावात घरी फोन नव्हते. तुमचा बाबा त्या दिवशी सकाळी देवगडला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे फोन करायचा. तिथली शनिवारची रात्र, इथली रविवारची सकाळ. सकाळच्या त्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून मी मोपेडवरून जायची. बोलणं थोडंच व्हायचं, त्यातही अर्धं "ऐकू येतंय का?" यात जायचं.

एका वर्षी डिसेंबरच्या फोनवर तो म्हणाला, "आई, मी जागा बदलतोय. तू इकडे राहायला येणार असलीस तर दोन खोल्यांची घेतो, नाहीतर एक पुरे. जानेवारीत नक्की सांग, मग मला ठरवायला हवं."

महिनाभर मी मनात सगळं फिरवून पाहिलं. शाळा, माड, बंद घर, तिथली थंडी. आणि नाताळच्या सुट्टीत, शाळा नसताना, आठवडाभर माझा आवाज मीच ऐकला नाही, तेव्हा ठरवलं. हो म्हणायचं.

फोनच्या आदल्या दिवशी मी गाडीची सर्व्हिसिंग जरा जास्तच मनापासून केली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोरडी वाटत होती. मशीनचं तेल संपलेलं. पण आमच्याकडे कुलूप, बिजागरी, रहाटाची कप्पी, डोकं, सगळ्याला एकच तेल, आपल्याच माडांच्या नारळांचं. मी केबलचं टोक सोडवलं आणि वरून खोबरेल सोडलं, खालच्या टोकाने थेंब पडेपर्यंत. मूठ अशी अलगद फिरू लागली की मला माझंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. तुमच्यासारखी नव्हे, पण आमच्या मानाने कडाक्याची. पेडल मारून गाडी सुरू झाली, पण मूठ काही फिरेना. जोर लावून फिरवली तर परत येईना. तशीच रेटत मी गावाबाहेरच्या चढापर्यंत नेली, तिथे मूठ आणखी फिरेना आणि गाडी बंद पडली. प्लग पाहिला, ठीक. पेट्रोल होतं. शेजारच्या वाडीतला एकजण बैल घेऊन चालला होता, तो थांबून म्हणाला, "काय बाईनू, घोडो अडलो? माझो बैल जुपू काय?"

"जुंप, आणि तूच देवगडला जाऊन फोनवर बोल," मी म्हटलं.

"माका इंग्रजी खंय येता?" म्हणत तो हसत गेला.

केबलचं टोक सोडवलं तेव्हा कळलं. आत मेणासारखं पांढरं घट्ट झालेलं. रोज सकाळी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली थंडीच्या दिवसांत मी स्वतः उन्हात ठेवत होते, आणि तेच तेल मी केबलमध्ये ओतलं होतं. ऊन अजून डोंगराआड. मी पदरात केबल धरून तळव्यांनी चोळत रस्त्याच्या कडेला बसले. घशात ते "हो" तयार होतं. ऊन वर आलं, तेल वितळलं, मूठ पुन्हा सुतासारखी फिरली आणि मी निघाले.

डॉक्टरांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. मोठ्या मनाच्या बाई, पण त्यांच्या तोंडाला विसावा नव्हता.

"खंय रवलात गो बाई? तुमच्या झिलाचो फोन येवन गेलो! कितको वेळ धरून रवलो बिचारो."

"काय म्हणाला?"

"इचारी होतो, आई येतली काय म्हणान. मियां सांगलंय, अरे, तुझी आवस खंय येतली थंय बर्फात? तिचे माड, तिची शाळा आणि ती फटफटी सोडून? ती हंयच बरी आसा."

"मग?"

"मगे काय, हसलो. बरो मोकळो हसलो. चाय घेतलात ना?"

मी चहा घेतला. त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं.

पत्र पोहोचेपर्यंत जागा ठरून गेली असती, पण तार करता आली असती. सोमवारी मधल्या सुट्टीत मी पोस्टाच्या पायरीपर्यंत गेलेही. पण ते "मोकळो हसलो" माझ्या मनातून जाईना. तो कशाला हसला असेल? त्या बाईंच्या बोलण्याला, की सुटल्यासारखं वाटून? तरुण मुलगा, परका देश, आणि त्यात आईचीही जबाबदारी. तारेत एवढं विचारता येत नाही. घंटा झाली आणि मी वर्गावर परत गेले.

फेब्रुवारीत मी वेळेच्या कितीतरी आधी पोहोचले. फोन आला. "घेतली गं लहान जागा," तो म्हणाला. "काकू म्हणाल्या ते पटलं. तुला इथे करमलं नसतं, आई." आवाज छान होता. मी कान देऊन ऐकत होते, त्यात कुठे काही वेगळं सापडतं का म्हणून. समुद्रापलीकडून येणाऱ्या त्या खरखरीत काही सापडलं नाही.

"तुझी जागा उबदार आहे ना?" मी विचारलं. आहे म्हणाला. मग वेळ संपली.

आजपर्यंत मी त्याला विचारलेलं नाही, आणि तोही कधी बोलला नाही. तो त्या दिवशी कशाला हसला, ते मला अजून माहीत नाही.