देवरावभाऊची आतून-बाहेरून लाल गाडी

काही किस्से घडतात आणि विसरले जातात. काही साठत जातात, कारण ते घडवणारा माणूस दर सुट्टीला आपल्या समोरच्याच अंगणात बसलेला असतो! ऊर्जानगरला आमच्या क्वार्टरसमोर असा माणूस म्हणजे देवरावभाऊ. ते वीजकेंद्रात टर्बाइनच्या मेंटेनन्सला. मी कंट्रोल रूममध्ये. तिसरा पोचम, मूळचा सिरोंचाचा, क्रेन चालवतो. तिघांची सुट्टी जुळली की चहा भाऊंकडे.

भाऊंनी सेकंडहँड लाल गाडी घेतली. महिनाभर चालवली आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "लाल गाडी घेतली मी, अन् पाहून राह्यले लोकं! मी अंदर बसतो तं समोर सारं कायंच कायं."

आतल्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बाहेरच्या रंगात रंगवायच्या, असं तिथंच ठरलं. घरीच.

"गॅरेजवाल्याले काऊन द्याची? आपला हात मशीनवर बसला हाय!"

* * *

पट्ट्या उचकटायला एक चपटं हत्यार मिळतं. भाऊंनी शकुंतलावहिनींचं उलथनं घेतलं. डॅशबोर्डची पट्टी निघाली, दारांच्या निघाल्या, उलथन्याचं टोक मात्र वाकलं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवो, आता मी याच्यानं पोळी उलटू का गाडी?"

रंग झाला, वाळला, पट्ट्या परत बसल्या. खाली चटईवर दोन स्क्रू आणि एक क्लिप उरली.

पोचमनं विचारलं, "भाऊ, हे कुठले?"

भाऊंनी ते शांतपणे खिशात टाकले. "कंपनीनं एक्स्ट्रा देल्ले असन!"

त्याच आठवड्यात आमच्या युनिटचं टर्बाइन उघडून परत बसवलं होतं. बसवणाऱ्यांत भाऊ होते. त्या दिवशी ड्यूटीवर जाताना मी जरा हळूच चालत गेलो.

* * *

हा पहिला रंग त्यांनी चंद्रपूरच्या एका दुकानातून आणला होता. मी सोबत होतो.

"लाल द्या."

"कोणता लाल?"

"लाल म्हंजे लाल!"

दुकानदारानं पाच प्रकारचे लाल समोर मांडले. भाऊंनी डोळे बारीक करून एक उचलला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो बरोबर वाटला. अंगणातल्या उन्हात तो भलताच निघाला.

रविवारी वरोऱ्याहून भाऊंचे सासरे आले. कापसाची शेती करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "जावईबापू, अंदरून तं ट्रॅक्टर निघाला!"

पोचमनं तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर दाखवलं. "भाऊ, रंगाचा नंबर इथे लिहिलेला असतो."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही दुकानात गेले. मला कुठे नेलं?"

* * *

दुसऱ्यांदा नंबर पाहून रंग आणला. शेड अगदी तंतोतंत! पण आधीचा रंग घासून काढल्यावर प्लास्टिकला प्रायमर मारावा लागतो, तो भाऊंनी मारला नाही. "प्रायमर लोखंडाले लागते," म्हणाले.

चार दिवसांनी दीक्षाभूमीवरचा सोहळा होता. भाऊ, वहिनी, दोन्ही मुली, सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीत बसले. ऊन कडक. गर्दीमुळे गाडी तासभर जागच्या जागी. सगळ्यांचे कोपर दारांच्या पट्ट्यांवर टेकलेले.

उतरले तेव्हा चौघांच्याही बाह्यांवर लाल डाग. वंदना झाली, भाषणं झाली, वहिनींनी हाताची घडी काही सोडली नाही. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून हळदीची पुडी काढली.

"बाई, लय लागलं का वं?"

वहिनी म्हणाल्या, "मले नाई लागलं, मावशी. याहीच्या डोक्याले लागलं हाय."

घरी आल्यावर भाऊंनी चारही कपडे स्वतः धुतले. डाग निघाले नाहीत. पुढे बरेच दिवस ते गाडीबद्दल काही बोलले नाहीत. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

* * *

मी एकदा घरी सहज विचारलं, "आपली गाडी पांढरी आहे. आतून पांढरी करू का?"

बायको खिडकीत साठलेली वीजकेंद्राची राख पुसत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा. तिनं फडकं माझ्यापुढे धरलं. विषय संपला!

* * *

पोचमची गाडी हिरवी. त्यानं मात्र सगळं रीतसर केलं. पट्ट्या साबणानं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, प्रायमर मारला, पातळ पातळ तीन हात दिले आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर टांगल्या.

दुपारी वानरं आली. एकानं गिअरभोवतीची चौकट उचलली आणि कडुनिंबावर जाऊन बसलं. चौकट गळ्यात घालून! खाली अर्धी कॉलनी जमली. केळी दाखवली, पोळी दाखवली. संध्याकाळी त्याला कंटाळा आला तेव्हा त्यानं ती सोडून दिली.

ओल्या रंगात हाताची पाच बोटं उठली होती, अगदी ठळक. आम्हाला वाटलं, पोचम परत घासायला घेणार. त्यानं चौकट उन्हाकडे धरून पाहिली. "पोनीले," म्हणाला. म्हणजे त्याच्या तेलुगूत, जाऊ दे. आणि त्या पंजावरूनच वरचं चकचकीत क्लिअर मारलं.

आता कोणी विचारलं की सांगतो, "पेंटरची सही आहे."

* * *

त्यानंतर भाऊंना राहवलं नाही. तिसऱ्यांदा पट्ट्या निघाल्या. प्रायमर, नंबरचा रंग, क्लिअर, सगळं पोचमला विचारून. काम इतकं सुरेख झालं की वहिनीसुद्धा आत बसून आल्या. उत्साहाच्या भरात भाऊंनी एका लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी दारांच्या लॉकच्या गुंड्याही रंगवल्या.

आम्ही तिघं त्या लग्नाला मूल गावाकडे निघालो. दुपारची वेळ, दोन्हीकडे जंगल. मी भाऊंच्या शेजारी, पोचम माझ्या मागे बसला होता. त्याला लघवीला जायचं होतं, म्हणून भाऊंनी गाडी थांबवली. तो उतरून दहा पावलं गेला.

तेवढ्यात पुढच्या वळणावर, रस्त्याच्या कडेच्या गवतातून वाघ बाहेर आला.

घाबरून भाऊंनी बटण दाबलं. चारही दारं लॉक! पोचम पळत आला आणि आपलं दार ओढू लागला. भाऊंनी परत बटण दाबलं. तीन गुंड्या वर आल्या. पोचमच्या दाराची रंगानं चिकटून बसली होती, ती खालीच.

"दुसऱ्या दारानं ये!" मी ओरडलो. त्याला ऐकूच जाईना. तो तेच दार ओढत होता. चेहरा राखेसारखा.

मी सीटवरून मागे वाकलो आणि ती गुंडी नखांनी ओढायला लागलो. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"हळू! रंग निघन!"

मी हात झटकून घेतला, माझंच दार उघडलं आणि पोचमला शर्टाला धरून आत ओढलं. तो माझ्या मांडीवर पडला. दार लागलं. वाघानं आमच्याकडे एकदा पाहिलं, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बांबूत शिरला.

पोचम माझ्या मांडीवरूनच काचेबाहेर बांबूकडे पाहत होता. मग भाऊंनी मागे हात नेला, त्या गुंडीवरून अंगठा फिरवला आणि मोठा श्वास सोडला.

"वाचला!"

पोचमनं मान वळवली. "कोण?"

भाऊंनी गाडी सुरू केली.